पाणी धरणारी टोपली

एडिनबर्ग, व्हर्जिनिया
३ सप्टेंबर

आत्या,

लांबूनच पाया पडतो. पाकिटावरचा नवा पत्ता बघून तू ओळखलं असशीलच की ह्याने परत नोकरी सोडली. सोडली. हर्नडनचं गोडाऊन सुटलं. ओरडायचं असेल तर पत्रातून ओरड. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज केला की तू अंगठ्याचं चित्र पाठवतेस. अंगठ्यावरून राग कळत नाही.

झालं असं, की हर्नडनच्या मराठी मंडळींची दरवर्षी सफरचंदं तोडायची पिकनिक असते. माझा रूममेट अंकुर, आयटीवाला, तो म्हणाला गाडीत जागा आहे, चल. डोंगर ओलांडला की शेनान्डोआचं खोरं लागतं. मंडळींनी झाडाखाली फोटो काढले, घरून आणलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, पिशव्या भरल्या आणि उन्हं कलल्यावर निघाले. मी निघालो नाही. बागेचा मालक डेल म्हणून आहे, साठीच्या पुढचा. त्याला विचारलं काम आहे का. तो म्हणाला शिडीवर चढतोस का. म्हटलं चढतो. अंकुरने माझी बॅग नंतर आणून दिली. भरायचा त्रास नव्हता त्याला. मी बॅग कुठेच रिकामी करत नाही, तुला माहीत आहे. तुझ्या घरी सहा महिने होतो तेव्हाही त्यातूनच कपडे काढायचो आणि तू म्हणायचीस, स्टँडवर उतरलाय कार्टा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. डेलच्या घरची एडना म्हणून आहे, इथेच बागेतल्या घरात असते. काल तिने मला कोठाराच्या माळ्यावर चढवलं. वर खुंटीला एक टोपली टांगलेली. माणसाच्या पाठीएवढी उंच, वर रुंद, खाली निमुळती, पाठीवर अडकवायला चामड्याचे दोन पट्टे. बांबूची नाही, ओकच्या झाडाच्या पट्ट्या काढून विणलेली. पण आत्या, तिचा काठ बघितला आणि मी शिडीवर तसाच उभा राहिलो. आप्पा काठ वळवतात ना, कामटी बाहेरून घेऊन आत दाबतात आणि मग आवळतात, अगदी तसा. आपल्या फलटणच्या बुरूड आळीतून कुणीतरी येऊन विणून गेल्यासारखा. ही माणसं कधी आपल्याकडे आली नाहीत, आपण कधी त्यांच्याकडे गेलो नाही. मग हाताला हे कुणी शिकवलं?

मी एडनाला विचारलं ह्याला काय म्हणतात. ती म्हणाली, "कीप." बास्केट नाही का? तर म्हणे बास्केट ती हातात धरायची, पाठीवरची ती कीप. खोऱ्यात आता तिच्याशिवाय कुणी हा शब्द बोलत नाही. कुठून आला ते तिलाही ठाऊक नाही.

कान गेल्यापासून तू डिक्शनऱ्या वाचत बसतेस. एवढं शोधून दे. का हवंय विचारू नकोस, रात्री झोप लागली नाही एवढंच सांगतो.

तुझा
एकनाथ


शुगर लँड, टेक्सस
१२ सप्टेंबर

चिरंजीव एकनाथ,

आशीर्वाद आहेतच, ते तुला पुरत नाहीत ही गोष्ट वेगळी.

तुझ्या बापाला इकडे आणायला मी चौदा वर्षं कागद पाठवत होते. आप्पा चार महिने राहिला, इथे कुणी कुणाच्या ओट्यावर बसत नाही म्हणून कंटाळला आणि वहिनीला घेऊन परत गेला. जाताना मला म्हणाला, पोरगं टोपल्यांपासून लांब राहू दे. पोरगं सात समुद्र ओलांडून आलं, पेट्रोलपंपावर टिकलं नाही, हॉटेलात टिकलं नाही, गोडाऊनमध्ये टिकलं नाही, आणि आता एका टोपलीपुढे जाऊन बसलंय. आप्पाला कसं कळवू ते तूच सांग.

आणि मला फसवू नकोस. दहावी नापास झाल्यापासून तू कधी शब्दाचा अर्थ विचारला नाहीस. झोप लागत नाही म्हणतोस. ही एडना दिसायला कशी आहे आणि तिच्या घरच्यांना काही कल्पना आहे का?

शब्द मात्र चांगला आणलास. मला वाटलं होतं तू चुकीचं ऐकलंस, पण नाही. जर्मनीच्या उत्तर भागात पाठीवरच्या टोपलीला 'कीपे' म्हणतात. तिकडे पूर्वी फेरीवाले पाठीवर कीपे अडकवून गावोगाव हिंडायचे, खेड्यातून अंडी-लोणी न्यायचे आणि शहरातून मीठ आणि बातम्या आणायचे. गंमत अशी, की तुझ्या खोऱ्यात जी जर्मन माणसं पूर्वी येऊन राहिली ती बहुतेक दक्षिणेकडची, ऱ्हाईन नदीकाठची. त्यांच्यात ह्या टोपलीला दुसरेच शब्द. तेव्हा हिच्या घरातलं कुणीतरी उत्तरेकडून आलेलं असणार. विचारून बघ. आणि त्याच्या मागे शब्द कुठून आला ते मी शोधते आहे. लायब्ररीतली बाई मला बघितलं की आता दार लावून घेईल.

जेवतोस ना वेळेवर?

आत्या


एडिनबर्ग
२१ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र वाचून मी शिडीवर एकटाच हसलो आणि एक सफरचंद डेलच्या डोक्यात पडलं. एडना म्हणजे डेलची आई, एक्याण्णव वर्षांची आहे. दिसायला छान आहे. घरच्यांना कल्पना आहे.

तू म्हणालीस ते खरं निघालं. तिच्या आजोबांचे वडील वेस्टफालिया नावाच्या मुलखातून आले, आणि ते उत्तरेकडेच आहे असं डेलने फोनवर बघून सांगितलं. जहाजातून उतरले तेव्हा पाठीवर रिकामी कीप आणि तोंडात हा शब्द, एवढंच घेऊन आले असं घरात सांगतात. खोऱ्यात पोचेपर्यंत टोपली कुजली. इथे येऊन त्यांनी पहिली थंडी संपायच्या आत ओक फोडून नवी विणली. ती हीच. म्हणजे बघ, टोपली मेली आणि शब्दावरून परत उभी केली. मी एडनाआजीला म्हटलं, म्हणजे तो शब्दच खरी टोपली होता. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या इंग्लिशमुळे बघत असेल.

आणि आता ऐक. ह्या घरात एक रीत आहे. मूल वर्षाचं व्हायच्या आत त्याला कीपमध्ये बसवायचं, पाठीवर घ्यायचं आणि टेकडीवरच्या सगळ्यात जुन्या झाडापर्यंत न्यायचं. झाड दाखवायचं की झालं. एडनाआजीला तशीच नेली होती. डेलला नेलं, त्याच्या मुलाला नेलं. तो मुलगा आता फ्रीमाँटला असतो, त्याला मुलगी झाली आहे, रूथ. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी ते तिला घेऊन येतायत. म्हणून तर कीप माळ्यावरून काढली. त्यानंतर ती गावातल्या म्युझियमला द्यायची असं डेलने ठरवलंय, कारण एडनाआजीनंतर कोण सांभाळणार. तिला ते पटलेलं नाही, पण तिची एकच मागणी आहे. रूथला कीपमधून वर गेलेली तिला बघायची आहे. बाकी काही नको म्हणते. डॉक्टरांनी तिला पुढच्या वर्षाचं काही सांगितलेलं नाही.

टोपलीची मला काळजी वाटत होती. फटी पडल्यात. वाळून खडखडीत झाली आहे. मग माझ्या डोक्यात आलं. आई काय करायची? हॅरिसनबर्गच्या इंडियन दुकानातून मेथी आणली. एडनाआजीची जुनी वर्तमानपत्रं चुलीजवळ पडलेली असतात, ती भिजत घातली. मेथी भिजवून वाटली, कागदाचा लगदा तिच्यात कालवला, आणि काल डेल बाजारात गेला होता तेव्हा कीप आतून-बाहेरून लिंपून काढली. बोटाने एकेक फट भरली. आता कोठारामागे उन्हात वाळते आहे. पाचशे सुपं आईबरोबर लिंपली असतील, पण इतकं मन लावून कधी केलं नव्हतं. कुणाला सांगितलेलं नाही. सोमवारी वाळली की एडनाआजीपुढे नेऊन ठेवणार.

ती काय म्हणेल असं तुला वाटतं?

एकनाथ


शुगर लँड
२६ सप्टेंबर

एकनाथ,

पत्र हातात पडल्या पडल्या लिहिते आहे आणि जास्तीचे पैसे भरून पाठवते आहे, तरी उशीरच झाला असणार.

अरे, ती टोपली आहे तशी त्यांना हवी होती. आपल्याकडे टोपली जुनी झाली की लिंपतात, कारण आपल्याला ती वापरायची असते. इथे वस्तू जुनी झाली की तिला हात लावत नाहीत, कारण तिच्यात त्यांना आपली माणसं दिसतात. दोन्ही प्रेमच आहे, पण तुझं प्रेम त्यांना चिखल थापल्यासारखं दिसेल. म्युझियमची माणसं तर बेशुद्ध पडतील.

आता मी सांगते ते कर. पळू नकोस. तुझा पाय आत्ता बॅगेकडे वळलाय हे मला शुगर लँडमध्ये बसून दिसतंय. एडनाबाईंकडे जा, काय केलंस आणि का केलंस ते सांग, मग काय बोलतील ते ऐकून घे. आणि त्यांनी बसू दिलं तर खाली जे लिहिते आहे ते त्यांना वाचून दाखव. तुझ्या इंग्लिशमध्येच दाखव. तो त्यांचा शब्द आहे, त्यांना मिळायला हवा.

कीपे हा शब्द जर्मनीत थांबत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमध्येही टोपलीला तसाच शब्द होता, आणि इंग्लंडच्या काही खेड्यांत अगदी अलीकडेपर्यंत 'काइप' म्हणायचे. कोंबड्या ज्यात कोंडतात तो 'कूप', तोही मुळात टोपलीच, आपलं डालगं, आणि बहुधा ह्याच घराण्यातला. पण हे सगळे भाऊ कुठून आले? इथे पंडितांचं एकमत नाही. काही म्हणतात माहीत नाही. काही म्हणतात रोमन लोकांकडून. त्यांच्या भाषेत 'कूपा' म्हणजे लाकडी पिंप. द्राक्षांची दारू भरलेली पिंपं घेऊन ते उत्तरेकडे जायचे, आणि ज्यांच्याकडे पिंपं नव्हती त्यांनी तो शब्द आपल्या टोपलीला दिला असावा. म्हणजे हा शब्द टोपलीचा नव्हताच रे. जे पाणी धरून ठेवतं त्याचा होता.

आणि आता बूड टेकून बस. ग्रीकमध्ये ह्याचा नातलग म्हणजे पोकळी, खळगा. आणि ते पंडित त्याच्या शेजारी संस्कृत शब्द ठेवतात, कूप. विहीर. आपल्या अंगणातला. मी हे वाचलं तेव्हा लायब्ररीत होते. पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत राहिले. कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी जमिनीतल्या खळग्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणालं असेल. त्याची एक पोर आपल्याकडे येऊन विहीर झाली, एक रोमकडे जाऊन पिंप झाली, आणि पिंपाची पोर एका फेरीवाल्याच्या पाठीवर बसून तुझ्या माळ्यापर्यंत आली. खात्री कुणालाच नाही, हेही एडनाबाईंना सांग. पण मला झोप लागलेली नाही. घे, तुझ्या जागरणाची फिट्टंफाट झाली.

पळू नकोस.

आत्या


एडिनबर्ग
६ ऑक्टोबर

आत्या,

उशीरच झाला होता.

सोमवारी सकाळी मी कीप आणायला कोठारामागे गेलो तर डेल तिथे आधीच उभा. म्युझियमची बाई आदल्या दिवशी ठरवून टोपली बघायला आली होती, हे मला माहीत नव्हतं. तीही उभी. टोपली करड्या रंगाची झाली होती, मेथीचा वास सगळीकडे, आणि एका बाजूला वर्तमानपत्राचा तुकडा नीट वाटला गेला नव्हता, त्यावर 'ट्रॅक्टर विकणे आहे' एवढं वाचता येत होतं. त्या बाईने हात नाही लावला. हळूच म्हणाली की हे भिजवून काढायला गेलं तर जुनं लाकूड फुगेल, न काढलं तर कीड लागेल, आणि कसंही असलं तरी आता मुलाला ह्यात बसवू नका. डेल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. म्हणाला, दीडशे वर्षं टिकली ती, आणि तुला एक दुपार पुरली. एडनाआजी व्हरांड्यात होती. तिने लांबून बघितलं आणि आत निघून गेली.

पुढचे पाच दिवस फक्त काम. झाडावर होतो. डेल म्हणाला आठवडा संपला की हिशोब करू. बॅग खांद्याला लावून मी फाटकापर्यंत आलो होतो, खोटं का सांगू. पत्रपेटी फाटकालाच आहे. तुझं पत्र तिच्यातून अर्धं बाहेर आलेलं दिसलं.

फाटकापाशी उभ्या उभ्या वाचलं. मग परत गेलो.

एडनाआजी बसू देईना असं झालं नाही. तिने खुर्ची पायाने पुढे सरकवली. मी सांगितलं की माझ्या घरी टोपल्या विणतात, टोपली थकली की आई तिला मेथी लावते, मी तिला औषध लावत होतो. मग तुझं पत्र वाचायला घेतलं. मराठी बघायचं, मनात इंग्लिश करायचं, बोलायचं, मध्येच अडायचं. तिने एकदाही घाई केली नाही. इंग्लंडच्या खेड्यात म्हटल्यावर तिने मान हलवली. कोंबड्यांचा कूप म्हटल्यावर हसली. पिंपापाशी आलो तेव्हा म्हणाली, परत वाच. जे पाणी धरून ठेवतं त्याचा शब्द, हे मी तीनदा वाचलं. विहीर म्हटलं तेव्हा तिने काठी हातात घेतली.

"डेल," ती म्हणाली, "नळी लाव आणि कीप बाहेर आण."

डेल म्हणाला, आई, पाणी लागलं की सगळं जाईल. ती म्हणाली, गेलंच आहे ना तुमच्या मते. मग बघू दे मला.

आत्या, मी कसं लिहू ते कळत नाही. कीप आम्ही दोन ओंडक्यांवर ठेवली, बूड मोकळं राहील अशी. डेलने नळी सोडली. मी डोळे मिटणार होतो पण मिटले नाहीत. पाणी चढत गेलं. फटींमधून आलं नाही. काठापर्यंत आलं तेव्हा डेलने नळी बंद केली आणि सगळं शांत झालं. आम्ही तिघांनी वाकून बघितलं. टोपलीत आभाळ होतं. सफरचंदाची एक फांदी होती, एडनाआजीचे पांढरे केस होते, माझं तोंड होतं. टोपली पाणी धरून उभी होती. मला फलटणच्या विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटलं, लहानपणी आई कमरेला धरून दाखवायची तसं. एडनाआजीने एक बोट पाण्याला लावलं, फक्त टेकवलं, आणि तिचा शब्द म्हणाली. मग मी आपला म्हणालो. कूप. तिने तोही म्हणून बघितला.

मग टप टप ऐकू आलं. खालून एकाच जागी पाणी गळत होतं. डेल ओंडक्यांमध्ये उताणा झोपला आणि मोबाइलचा टॉर्च लावला. मग मला म्हणाला, खाली ये. तळाच्या दोन पट्ट्या आतून किड्याने खाऊन भुसा झाल्या होत्या. वरून धड दिसत होत्या, म्हणून म्युझियमच्या बाईलाही दिसल्या नाहीत, मी लिंपताना मलाही नाहीत. पाण्याने दाखवल्या. डेल तिथेच मातीत बसून राहिला. टेकडीची चढण खडकाळ आहे आणि रूथ वीस पौंडांची आहे.

त्याने मला विचारलं, ओकच्या पट्ट्या काढता येतात का? मी म्हणालो बांबूच्या येतात. एडनाआजी म्हणाली, तिचे आजोबा काढायचे ते तिने बघितलंय, ती खुर्चीवर बसून सांगेल.

हिशोबाचं कुणी बोललेलं नाही. रूथ येणार त्या शनिवारपर्यंत तळ व्हायला हवा, आणि ओकला माझा हात लागलेला नाही. आप्पांना विचारू का?

एकनाथ


शुगर लँड
११ ऑक्टोबर

बाळा,

आप्पाला मी विचारलं. व्हिडिओ कॉलवर, तो सांगेल ते वहिनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून धरत होती. आप्पाने आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाला ओक त्याने पाहिलेला नाही, पण ओलं लाकूड मऊ असतं तेव्हाच फाडायचं, फाडताना जिकडे कमी जाडी राहील तिकडून हात मागे घ्यायचा, आणि तळाची पट्टी कधीही एकटी बदलू नये, शेजारचीला सोबत लागते. एवढं सांगून म्हणाला, लांब राहू दे म्हटलं होतं ना मी. पण हसत होता. वहिनीने मेथी किती घातलीस विचारलंय.

तुझं पत्र वाचून मी इतक्या मोठ्याने हसले म्हणे, की वरच्या खोलीतून माझी नात आन्या धावत आली. मला माझं हसणं ऐकू येत नाही. तिच्या ओठांवरून कळलं, व्हॉट हॅपन्ड, आज्जी? मी तिला पत्र वाचून दाखवलं आणि मग आपोआप पुढचं सांगत गेले. माझी आई मला हाऱ्यात बसवून, हारा डोक्यावर घेऊन आठवडी बाजाराला जायची. जाताना हाऱ्यात मी आणि सुपं, येताना मी आणि मीठमिरची. वरून मला सगळ्यांची डोकी दिसायची. डॉक्टर झाले, चाळीस वर्षं इथे लोकांच्या पेशी तपासल्या, पण एवढ्या उंचावरून जग पुन्हा दिसलं नाही. त्यानंतर आन्या एक शब्द इंग्लिशमध्ये बोलली नाही. हारा म्हणजे केवढा, ते हात पसरून दाखव म्हणाली. मी पसरले. आमच्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

एक लक्षात ठेव. रिकामी पाटी घराबाहेर काढू नये. मुलीला बसवायच्या आधी मूठभर काहीतरी तळाशी टाक, एडनाबाईंच्या परवानगीने. ह्या वेळी परवानगीने.

आत्या


एडिनबर्ग
२२ ऑक्टोबर

आत्या,

आईला सांग, मेथी जास्त झाली होती.

ओक दांडगट आहे. बांबू फाडताना पुढे पळतो, ह्याला ढकलावं लागतं. पहिल्या सगळ्या पट्ट्या मोडल्या. एडनाआजी खुर्चीवर बसून काठीने जमिनीवर ठोकायची, म्हणजे थांब. तिला नावं आठवत नव्हती, पण आजोबांचा हात कुठून कुठे जायचा ते आठवत होतं, तो ती हवेत करून दाखवायची. मी तिचा हात बघून माझा हलवायचो. गुरुवारी आप्पांचं ऐकून शेजारच्या पट्ट्याही काढल्या, आणि तळ बसला. पाण्याने जुनं लाकूड खरंच फुगलं, त्या बाईचं बरोबर होतं, पण फुगून एकमेकांना घट्ट धरून बसलं. मेथीचा लेप बराचसा सुटून पडला. फटींमध्ये जो राहिला तो राहू दे असं एडनाआजी म्हणाली. ट्रॅक्टरची जाहिरातही राहिली आहे.

डेलने तळावर आधी गोणीभर सफरचंदं ठेवून बघितली, मग स्वतःचा पाय. मग त्याने माझ्याकडे बघून मान हलवली.

शनिवारी रूथ आली. तिचा बाप कीप पाठीवर घ्यायला वाकला, तेवढ्यात एडनाआजी म्हणाली, "तळ ज्याने विणला त्याने न्यायची." मी डेलकडे बघितलं. तो पट्टा माझ्या खांद्याच्या मापाने ओढत होता.

तळ टोचेल म्हणून खाली काहीतरी मऊ हवं होतं. घरातली ब्लँकेटं सगळी जाड, पोरगी त्यात बुडाली असती. मी धावत खोलीवर गेलो. आईने निघताना माझ्या बॅगेत अगदी तळाशी तिच्या जुन्या लुगड्यांची वाकळ ठेवली होती, इतक्या वर्षांत मी ती काढली नव्हती. वरचे कपडे पलंगावर फेकले आणि ती काढली. कीपमध्ये घडी करून घातली. मग एडनाआजीला विचारलं, आमच्याकडे रिकामी टोपली बाहेर नेत नाहीत, मूठभर धान्य टाकू का? तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, त्यांच्याकडे मूल वर पोचलं की खाली आईच्या कडेवर येतं, आणि कीप रिकामी परत आणत नाहीत, जुन्या झाडाची सफरचंदं भरून आणतात. का, ते तिला कुणी कधी सांगितलेलं नाही. तिने स्वतःच्या हाताने वाकळीखाली मूठभर गहू टाकला.

मी निघालो. एडनाआजीला डेलने पिकअपमधून वळणाच्या रस्त्याने वर आणलं. पहिल्यांदा रूथ रडली. मग चढण लागली तशी गप्प झाली, आणि माझ्या मानेवर तिचा श्वास येऊ लागला. तिने माझा कान धरला. आत्या, मी शिडीवर चढलोय, ट्रक भरलेत, पण एवढं वजन कधी उचललं नव्हतं. एवढीशी पोर. तिच्या मागे तिचा बाप बसून गेला होता, डेल बसून गेला होता, एडनाआजी बसून गेली होती, त्यांच्या मागे तो जहाजातून उतरलेला माणूस आणि त्याच्या मुलखातला फेरीवाला, त्याच्या मागे पिंपं ढकलणारे, त्याच्या मागे तू हाऱ्यात, आणि कुठेतरी लांब एक माणूस खळग्यात वाकून पाणी आहे का बघतोय. सगळे पाठीवर. मला भीती वाटली नाही. पाय आपोआप पडत होते.

वर एडनाआजी झाडाला हात टेकून उभी होती. मी पाठ वळवली, रूथच्या बापाने तिला मागे फिरवलं, म्हणजे रूथला झाड दिसेल आणि एडनाआजीला रूथ. मला दोघीही दिसत नव्हत्या, समोर सगळं खोरं दिसत होतं. मग एडनाआजीने मुलीला तो शब्द सांगितला. आणि थांबून दुसराही सांगितला, आपला.

खाली येताना कीप सफरचंदांनी भरलेली होती. म्युझियमला द्यायचं डेल अजून म्हणतो, पण कधी ते म्हणत नाही. थंडीत झाडांची छाटणी असते, ती मला शिकवणार आहे. एडनाआजीने ओकचा एक ओंडका माझ्यासाठी सावलीत ठेवायला सांगितलाय, वाळू नये म्हणून.

रूथ जाताना वाकळ घट्ट धरून झोपली होती, म्हणून तिच्याबरोबरच दिली. आईला तू सांग, मला जमणार नाही. रात्री खोलीवर आलो तर कपडे अजून पलंगावर पडलेले. ते फळीवर लावले. मग बॅगेकडे लक्ष गेलं, भिंतीला टेकून, तोंड उघडं, एकदम रिकामी. रिकामी ठेवू नये म्हणून तिच्यात सफरचंदं भरून ठेवली आहेत.

एकनाथ